काळी चार

६ नोव्हेंबर, सोमवार

...आणि मी चहा गाळत होते. एका हातात गाळणं, दुसऱ्या हाताने ओट्यावरचं फडकं चाचपत होते. मुलगी, तेव्हा शाळेतली, गणवेशाला इस्त्री करत होती, कॉलर पिवळी पडली म्हणून स्वतःवरच चिडली होती. हे बाहेरच्या खोलीत तंबोरा लावत बसलेले. मी आतूनच आवाज लावला, तर म्हणाले, "थांब गं, अजून जुळला नाही. स्टुडिओ काय पळून जातोय?" मग मी भांडी विसळली, पाणी भरलं, डबे बांधले. तंबोरा जुळला तशी मी ओट्याशी उभ्या उभ्याच गायले. रोजचंच होतं. त्या सकाळी काहीसुद्धा घडलं नव्हतं. म्हणूनच बहुधा अशी लख्ख आठवते.

आज आठवली कारण फोन आला. एक तरुण संगीतकार. "मावशी, गाणार का माझ्याकडे?" मावशी म्हणाला ते बरं वाटलं. मॅडम म्हणाला असता तर फोन ठेवला असता.

बाई सिनेमात परत येताहेत. ज्या नटीसाठी मी उमेदीची सगळी वर्षं पडद्यामागून गायले, त्या बाई. लोक अजून रस्त्यात त्यांना अडवून सांगतात, तुमचं ते गाणं काय सुंदर हो. आणि त्या म्हणतात, थँक्यू. मला कधी वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं. आता त्यांनी अट घातली आहे — गाणं माझ्यावर असेल तर गळा तिचाच हवा, दुसरा चालणार नाही.

हे गेले त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी गायलेली नाही. "बघते," म्हटलं. त्याने फोन ठेवता ठेवता विचारलं, "तुमची पट्टी?"

"काळी चार." नाव विचारल्यावर सांगावं तसं तोंडातून गेलं. पेटीवरची चौथी काळी पट्टी, तिथे माझा सा. पहिल्या गाण्यापासून तिथेच.

७ नोव्हेंबर, मंगळवार

मुलगी म्हणाली, "गा. नाहीतर दिवसभर माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणत बसशील."

हो कळवलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

गाण्याचा कागद आला. गाणं म्हातारीचं आहे. मुलगा परदेशी गेलेला, ही घराच्या खिडक्या एकेक करून उघडते. "खिडकी उघडी ठेव, वारा ओळखीचा आहे." साधे शब्द. बरे आहेत.

एका दमात वाचला. माझी शाळा दुसरीपर्यंतच. पुढचं वाचन मी गाण्यांच्या कागदांवर शिकले, कुणी शिकवलं नाही. गाणं ऐकून पाठ झालेलं असायचं, कागद समोर असायचा. बोट ठेवत जुळवत गेले, हा आवाज म्हणजे हे अक्षर. त्यामुळे मला 'विरह' आणि 'चांदणं' आधी वाचता आलं, 'दूध संपले आहे' फार नंतर. हे सगळ्यांना सांगायचे, हिला प्रेमपत्र वाचता येतं, बसची पाटी येत नाही.

आता वाचनालयातून जाड जाड पुस्तकं आणते. ह्यांना दाखवायला हवी होती.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

चाल समजावी म्हणून एका मुलीकडून गाऊन घेतलेली डमी त्यांनी फोनवर पाठवली. चांगली गाते. मी एकदाच ऐकली. माझी पद्धतच ती, एकदा ऐकायचं आणि मग आपलं आपण गायचं. दुसऱ्याचा आवाज कानात फार वेळ राहू द्यायचा नाही.

गळा उघडला. पहिले दोन दिवस नुसता भाता, हवाच यायची. आज सूर लागला. 'ओळखीचा' या शब्दावर चाल वर चढते, तिथेही व्यवस्थित गेले. तंबोऱ्याच्या तारा सैल पडल्यात, त्याला हात लावला नाही. ते काम ह्यांचं. नुसतीच गायले.

पलीकडच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली होती ती उघडली. त्यांनाही आवडलं असावं. की कोण ओरडतंय ते बघितलं?

१६ नोव्हेंबर, गुरुवार

वाईट गेला दिवस.

पूर्वी स्टुडिओ म्हणजे भलंमोठं दालन. वादक खचाखच, व्हायोलिनवाल्यांच्या दुसऱ्या रांगेत हे. सगळे एकदम वाजवणार, मी मध्ये उभी राहून गाणार. कुणी एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. आता कपाटाएवढी खोली, कानावर हेडफोन. वाद्यं आधीच वाजवून, भरून ठेवलेली. गाणारीने आपला तुकडा त्यावर चिकटवायचा.

मुखडा कसाबसा गेला. 'ओळखीचा'वर आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. पुन्हा. मी हेडफोन काढून म्हटलं, "वाद्यं वर लागलीत तुमची."

संगीतकार बिचारा पेटी घेऊन आला. "मावशी, काळी चारच आहे. तुम्ही सांगितलं तीच." बोट ठेवून दाखवलं. होती काळी चारच.

रेकॉर्डिस्ट जुने, ह्यांचे मित्र. चहाच्या निमित्ताने मला बाहेर जिन्यात घेऊन आले.

"वहिनी, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावेन. सांगा."

"काळी चारमध्ये तुम्ही शेवटचं गायलात त्याला खूप वर्षं झाली."

मी हसले. "भाऊजी, माझी पट्टी मला ठाऊक नाही होय?"

"नाही ठाऊक. आमचा दोस्त तुमच्या आधी येऊन वादकांना सांगायचा, आज अर्धा सूर खाली लावा. पुढे काही वर्षांनी आणखी अर्धा. तुम्ही आत यायच्या वेळी सगळे जुळवून बसलेले असायचे. घरचा तंबोरा तोच लावणार. तुम्हाला कळणार कुठून?"

"आणि तुम्ही सगळे गप्प?"

"तुम्हीच कँटीनमध्ये बसून सांगायचात ना, ज्या दिवशी पट्टी उतरेल त्या दिवशी गाणं बंद. तो म्हणायचा, ही बोलल्याप्रमाणे करते. हिला सांगू नका."

चहा तसाच जिन्यात ठेवून घरी आले.

१८ नोव्हेंबर, शनिवार

मुलीला म्हटलं, माझं शेवटचं गाणं लाव आणि तुझ्या फोनला विचार कुठली पट्टी. तिच्या फोनमध्ये सूर ओळखण्याचं काहीतरी आहे. तिने लावलं. काळी तीन. चार नाही, तीन.

"तुला माहीत होतं?"

"आई, दूधवाल्यालाही माहीत असेल."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"बाबांनी शपथ घातली होती. शिवाय तू किती छान गायचीस तेव्हा. कोण कशाला बोलेल?"

१९ नोव्हेंबर, रविवार

आज ह्यांच्या फोटोशी बोलले नाही.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज बोलले. म्हटलं, जगाला सांगितलंत, एक मला सोडून. रोज सकाळी समोर बसून खुंटी पिळत होतात आणि चेहऱ्यावरची रेष हलली नाही. थांब गं, अजून जुळला नाही म्हणे. जुळवत कसले होतात, उतरवत होतात.

जिवंतपणी तरी कुठे पटकन उत्तर द्यायचे? आधी तार बघायचे, मग माझ्याकडे.

दुपारी निवडायला डाळ घेतली आणि रडू आलं. रागाचं नव्हतं ते. एवढी वर्षं एवढं सांभाळायचं म्हणजे माणसाला किती लक्ष ठेवावं लागलं असेल. माझा आवाज कधी दमला ते माझ्या आधी ह्यांना कळत होतं.

कँटीनमधली फुशारकी मी मारली होती खरी. पण आता पट्टी उतरली हे कळलं, आणि गाणं बंद करावंसं वाटत नाही. मला हे गाणं गायचं आहे. मुद्दाम लिहून बघितलं. खरं आहे.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

संगीतकाराला फोन केला. सरळ सांगितलं, पट्टी चुकीची दिली, वाद्यं खाली घ्या.

तो म्हणाला, "मावशी, वादक आपापल्या गावी गेले. पुन्हा बोलवायला निर्माता तयार होणार नाही. शूटिंग पुढच्या आठवड्यात आहे." मग स्वतःच म्हणाला, "एक करता येईल. तुम्ही तुमच्या सोयीने खाली गा. मी संगणकावर आवाज वर चढवतो. कुणाला कळणार नाही."

दुसरा रस्ता म्हणजे डमी गायलेली मुलगी. बाई नाही म्हणाल्या तरी निर्माता त्यांची समजूत काढेल. अमुकच करा असं तो म्हणाला नाही. चांगला मुलगा आहे. शुक्रवारपर्यंत सांगा म्हणाला.

फोनवरच दोन ओळी गाऊन घेतल्या आणि तासाभराने चढवून पाठवल्या. ऐकल्या. स्वच्छ, गोड, कुठे खरखर नाही. चाळिशीतली मी. छान होतं, हेच वाईट.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

बाई घरी आल्या. किती वर्षांनी. जिना चढून आल्या आणि पहिल्या खुर्चीवर बसल्या. "कसा आहे माझा गळा?"

"तुमचा गळा तुमच्याजवळ. माझा बसलाय."

"ताई, मला सगळं कळलंय. मशीनला चढवू द्या की. मला कॅमेऱ्यापुढे बसवतात तेव्हा दोन बायका तासभर चेहरा रंगवतात. मी कुठे म्हणते, माझ्या सुरकुत्या दाखवा?"

"गाणं म्हातारीचं आहे ना पण?"

"म्हातारीचं असलं म्हणून काय झालं? लोक येणार ते आपल्याला पूर्वीसारखं बघायला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगू? ही संधी गेली तर मला परत कुणी बोलावणार नाही. तुमचा तो आवाज मागे असला की मला धीर येतो. नवीन मुलीचा आवाज माझ्या अंगावर बसत नाही. आणि हा आत्ताचा... मी ऐकलेलाच नाही."

गाऊन दाखवू का, विचारलं. "नको," म्हणाल्या. घाबरल्या, असं वाटलं मला. चहा पिऊन, मुलीच्या गालाला हात लावून गेल्या.

मुलगी म्हणते, "बाबांनी केलं ते चाललं, मशीनने केलं की का नको?" बरोबर आहे तिचं. दुपारभर तेच डोक्यात. ह्यांनी वाद्यं खाली आणली, मी होते तिथे. हा मला वर ढकलतोय, वाद्यं आहेत तिथे. दोन्हीत फरक आहे. पण तेवढ्या फरकासाठी गाणं हातचं घालवायचं का? आणि बाईंचं काय?

हो म्हटलं तर सगळ्यांचं भलं होतं. उद्या सकाळी बोलावलंय. अजून ठरत नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

काल सकाळी स्टुडिओत गेले. संगीतकाराला म्हटलं, वाद्यं बंद ठेव, एकही नको. मशीनने चढवणंही नको, असंच भरून घे. हेडफोन काढून ठेवले. जिथे माझा सा लागला तिथून सुरू केलं, कुठली पट्टी ते विचारलं नाही. 'ओळखीचा'वर थोडी खरखर आली, ती येऊ दिली. बाई काचेपलीकडे उभ्या होत्या. पहिलं कडवं संपेपर्यंत त्यांचे ओठ, पडद्यावर हलायचे तसे, माझ्याबरोबर हलायला लागले होते.

मी पुढचं कडवं घेतलं.