न सांगता येणाऱ्यांचे फोन

जैतुनबी, सलाम.

सगळ्यांत आधी सगीराच आली. आली म्हणजे काय, बेल दाबून बाहेरच उभी! मी दार उघडून "अगं बाई, तू कशी?" म्हणत लई दचकायचं, असं ठरलं होतं. पण माझे हात बेसनात, दचकायला फुरसत कुठली? (थांब, खुशाली राहिलीच. गुडघा काय म्हणतो? तुझ्या फारूखच्या बदलीपायी गेलीस खरी, पण नांदेडचं पाणी मानवलं का? आम्ही सगळे इथं मजेत.)

तर झालं असं. आमची शैला, तुझी लाडकी, सध्या गारखेड्यातल्या बायांना घरीच इंग्रजी शिकवते, सगीरा त्यातलीच एक. नवरे वाळूजला कंपनीत, दुपारी बाया मोकळ्या. या खेपेला शब्द निघाला 'ड्रॉप इन'. म्हणजे न सांगता कुणाकडं सहज डोकवायचं, जरा बसायचं, उठायचं. मी म्हटलं, याला येगळा शब्द कशाला? आपल्यात याला येणंच म्हणतात! तर शैला म्हणते, "आई, आता तसं कोण येतं?" मग शब्द अंगवळणी पडावा म्हणून तिनं ठरवलं, बायांनी आमच्याच घरी ड्रॉप इन व्हायचं आन् मला काही ठाऊक नाही असं मी दाखवायचं.

सकाळपासून फोनच फोन! आशाबाई विचारते, "आजी, दुपारी न सांगता आले तर चालंल ना?" दुसरी म्हणते, "माझ्या चहात साखर नको, आधीच सांगून ठेवते." मग मी भजी तळायला घेतली. न सांगता येणाऱ्यांना उपाशी कसं धाडायचं?

आल्या. एका सुरात "वुई जस्ट ड्रॉप्ड इन" म्हणाल्या, आणि एकीच्या हातात खिरीचं पातेलं! सहज डोकावणारी बाई असं पातेलं घेऊन फिरते व्हय? थोड्या वेळानं शैलानं उठायची खूण केली, तर एक हलेना. सगीरा तर पदर खोचून माझ्या स्वयंपाकघरात शिरली. दिवेलागणीला पांगल्या. शैलानं सगळ्यांना नापास केलं. मी मात्र खूश, घर कसं गजबजलं होतं!

एक सांगू? आतून बांगड्या वाजल्या तशी मी बाहेरून ओरडले, "जैतुन, दूध बघ गं, उतू जाईल!" दूध उतरवलं सगीरानं. तू कधी बेल दाबली नाहीस. थेट मागनं शिरायचीस, भाजीवरचं झाकण उचलायचीस आणि मलाच बोलायचीस, "यात मीठ कोण घालणार, तुझी सासू?"

भाईजींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझी दमयंती

ता.क. हे आपलं खुशालीचं पत्र. मनाला काही लावून घेऊ नकोस.

ता.क. लावूनच घे. वरीस झालं, तोंड दाखवलं नाहीस. फारूखला सुट्टी मिळायची वाट बघू नकोस, येष्टीत बस आणि ये. कधी ते कळवूही नकोस. (पण निघताना कळव, नाहीतर मी नेमकी भाजी आणायला गेलेली असेन.) त्या बाया गुरुवारी परत न सांगता येतो म्हणून सांगून गेल्यात. तू गुरुवारीच ये. कसं यायचं असतं ते बघू दे त्यांना.