शेवटचं रीळ

आई,

तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. अगं, जमलं! जुन्या फिल्म दुरुस्त करायच्या आमच्या लॅबमधलं ते चिकटून दगड झालेलं शेवटचं रीळ तीन आठवड्यांनी काल सुटलं. फक्त अकरा फूट फिल्म वाया गेली. प्रेमाच्या वेगवेगळ्या तऱ्हांच्या तुम्ही पाहिलेल्या त्या सिनेमात बाबा म्हणतात तशा गोष्टी चारच आहेत, तू म्हणतेस तशा तीन नाहीत.

पण तूही खोटी नाहीस. रिळाच्या डब्यात बाबांच्या अक्षरातली, ते थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे तेव्हाची चिठ्ठी सापडली: 'शेवटचं रीळ लावलं नाही. घाई होती.' तारीख तुमच्या पहिल्या भेटीची! तू निघून जायच्या आत त्यांना प्रोजेक्टरच्या खोलीतून खाली येऊन तुला दारात गाठायचं होतं. म्हणून तुला तीनच दिसल्या.

बाबांना फोनवर ती वाचून दाखवली. म्हणाले, "आईला सांगू नकोस हं."

तीन की चार यावरून पेटलेल्या भांडणामुळे बाबा दोन महिने आत्याकडे राहतायत, म्हणून सांगतेय. आज चार वाजता लॅबमध्ये चौथी गोष्ट दाखवणार आहे. तू नक्की ये. बाबा तिकडून परस्पर येतील. त्यांनी इस्त्रीचा निळा शर्ट मागितलाय, तो मी नेलाय.