आपलं गाव सुरक्षित आहे का, या तुझ्या प्रश्नाबद्दल

तीर्थस्वरूप आर्लिसताईस,

धाकट्या वेंडेलचा विस्कॉन्सिनहून वाकून नमस्कार (वाकतो तो आता फक्त पत्रात, पाठीने परवानगी काढून घेतली आहे). मी खुशाल आहे, म्हणजे पाठ, डावा गुडघा आणि छातीतली धडधड सोडून. तुझी कंबर कशी आहे? अॅरिझोनातल्या कोरड्या हवेने बरं वाटतंय ना?

तुझं पत्र पोचलं. तुझी भावजय एल्व्हीरा गेल्यापासून मी या घरात एकटाच असतो, म्हणून तिथल्या वृद्धाश्रमातली खोली सोडून तू कायमची माझ्याकडे यायला तयार आहेस. फक्त आपलं गाव आता सुरक्षित आहे का, ते खरं खरं कळव, म्हणतेस. खोली ठेवायची की सोडायची हे तीस तारखेपर्यंत त्यांना सांगायचं आहे, हेही समजलं. ताई, हा प्रश्न तू मला विचारायला नको होतास. सुरक्षित आहे म्हणावं आणि तू आल्यावर काही भलतंसलतं झालं, तर ते माझ्या माथी. नाही म्हणावं, तर तू येणारच नाहीस. आठ दिवस मला नीट झोप नाही आणि जेवणावर वासना नाही.

कोणीतरी जाणता उत्तर देईल, या आशेने गेल्या मंगळवारी वाचनालयातल्या व्याख्यानाला गेलो. विषय होता, जग पूर्वीपेक्षा शांत होत आहे काय. वक्ते आपल्या हायस्कुलातून निवृत्त झालेले इतिहासाचे हॅल्व्हरसन मास्तर. पडद्यावर त्यांनी एक रेघ दाखवली, डावीकडे उंच आणि उजवीकडे घसरत गेलेली. म्हणाले, माणसं एकमेकांना मारण्याचं प्रमाण पिढ्यानपिढ्या कमी होत आलं आहे. मला पटलं. आठव ना, आपल्या लहानपणी गिरणीला सुट्टी झाली की शनिवारी दोन-चार डोकी फुटायचीच. एमिलकाकाच्या कानाचा तुकडा ज्याने तोडला, त्याच्याच शेजारी काका रविवारी चर्चमध्ये बसायचे (त्याच्या बाजूचं त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे भांडण वाढलं नाही). आणि तरी आई कधी दाराला कडी लावत नसे. आता कोणाचा कान तुटत नाही, आणि कडी लावल्याशिवाय कोणी झोपत नाही. मास्तर म्हणाले, "ज्या तळघरात पाणी शिरलं नाही, त्याची बातमी कोण छापणार?" त्यावर माझी शेजारीण ओपल क्रूगर उठली आणि म्हणाली, "ते ठीक आहे हो मास्तर, पण तुमची रेघ खाली गेलीय हे टीव्हीवाल्यांना कोणी कळवलंय का?" सगळे हसले. मग पोस्टातली रोझान उभी राहिली. तिचा मुलगा सैन्यात आहे, कुठे आहे ते तिलाही नीट ठाऊक नाही. ती हळूच म्हणाली, "रेघ उतरत असेल, मी नाही म्हणत नाही. पण माझा रॉली तिच्यावर नेमका कुठे उभा आहे, तेवढं दाखवता का?" मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नंतर कॉफी आणि भोपळ्याचा केक होता, पण कोणी फारसं खाल्लं नाही. घरी येताना मी गाडीचे चारही दरवाजे आतून बंद करून घेतले.

आता आपल्या साप्ताहिकाबद्दल. त्यात शेरीफच्या कचेरीकडे आलेल्या तक्रारी छापतात, ते पान तुला आठवत असेल. पूर्वी त्यात चाकू, जाळपोळ, असं भरभक्कम काही असायचं. आता तसलं काही घडत नाही, पण पान तेवढंच राहिलं आहे आणि ते भरावं तर लागतंच. त्यामुळे बँकेसमोर टर्की कोंबडा उभा, समजूत घातल्यावर गेला, अशाही नोंदी येतात. वाचणाऱ्याला वाटतं, अरे बापरे, पानभर गुन्हे! मीही त्यातलाच. गेल्या आठवड्यात वाचलं की ओक रस्त्यावर (म्हणजे आपल्याच!) तपकिरी कानटोपी घातलेला, दाढी वाढलेला एक इसम पत्रपेट्यांपाशी बराच वेळ स्वतःशी बोलत उभा होता आणि शेरीफची गाडी पोचेपर्यंत नाहीसा झाला. त्याच दुपारी दोन नवी कुलुपं आणली. शिवाय दारात कोणी आलं की कुत्र्यासारखं भुंकणारं एक यंत्र आणलं. ते आजवर फक्त माझ्यावर भुंकलं आहे, आणि परवा मी त्याची माफीही मागितली.

मग ओपलला सावध करायला गेलो. म्हटलं, एकटी राहतेस, तो कानटोपीवाला पुन्हा आला तर दार उघडू नकोस. ती म्हणाली, "अरे, तक्रार मीच केली होती. अगदी तुझ्या डोक्यावर आहे ना, तश्शीच टोपी." मी हळूच टोपी काढून हातात घेतली. ताई, तो इसम मी होतो. तुझं पत्र पेटीपाशीच फोडलं, तीनदा वाचलं आणि तुला मोठ्याने उत्तरं देत तिथेच उभा राहिलो. मी भडकलो. म्हटलं, "एकतीस वर्षांचा शेजार आणि मला ओळखलं नाहीस?" ती बिचारी रडवेली झाली. म्हणाली, "तू हसत होतास रे वेंडेल. वर्षभरात तुला हसताना पाहिलं नाही, मग ओळखणार कशी?"

असो. तर एकंदरीत गाव सुरक्षित आहे असं मला वाटतं, आणि तसं वाटल्याचीच धास्ती वाटते. निर्णय सर्वस्वी तुझा. माझा काडीइतकाही आग्रह नाही.

तुझा,
वेंडेल

ता. क. पूर्वेकडची खोली रंगवून घेतली आहे, तुला आवडतो तसा फिकट पिवळा रंग. आग्रह म्हणून नव्हे, भिंती खराब झाल्या होत्या.

ता. क. दुसरा. भिंती चांगल्या होत्या.

ता. क. तिसरा. ताई, हे बसून वाच. काल तुझ्या वृद्धाश्रमात मी फोन केला. बारीक आवाज काढून म्हणालो, "मी आर्लिस बोलतेय, खोली सोडते." तिथली मुलगी म्हणाली, "आजी, घसा बसलाय वाटतं, गरम पाणी प्या." आज सकाळी घाबरून ते मागे घ्यायला पुन्हा फोन केला, तर खोली दुसऱ्या एका आजींना देऊनसुद्धा झाली होती. तू नाही म्हणशील या भीतीने केलं गं. इतका मी आयुष्यात कशालाच घाबरलो नव्हतो. विमानतळावर सगळ्यांच्या देखत दोन थोबाडीत दे, पण ये.