पंखा बंद ठेवणारी माणसं

१६ जानेवारी

आज वर्गात हशा झाला. औद्योगिक क्रांती चालू आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावातले काटे-सुऱ्यांना धार लावणारे कामगार. दगडाची, लोखंडाची धूळ सरळ छातीत जायची आणि तिशीच्या आसपास माणूस संपायचा. मग धूळ ओढून घेणारा पंखा निघाला, तर कामगारांनीच तो लावायला नकार दिला! का, तर माणसं जास्त जगली तर कामाला हात जास्त होतील आणि मजुरी पडेल.

"मॅडम, येडे होते का ते?" – मागच्या बाकावरून प्रज्वल.

मी म्हटलं, अडाणी होते, दुसरं काय! सगळे हसले. मीही.

तेवढ्यात श्यामकांत सर दारात. क्लास त्यांचा. "मॅडम, शेफील्डवर प्रश्न येत नाही. पुढे चला." चला! स्पर्धा परीक्षेची पोरं, त्यांना गुण हवेत, मेलेली माणसं नकोत. दीडशे वर्षांचं जग दोन महिन्यांत गुंडाळायचं आहे. बदलापूरच्या कात्रपहून अंबरनाथला घरी येईपर्यंत घसा पार बसला.

धाकटा जितेश जेवला नाही. खोकून खोकून पोट दुखतंय म्हणतो.

१९ जानेवारी

टीबीच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, खोकला जागच्या जागी. कंबर इतकी उतरलीय की पँट सुतळीने बांधतो – जीन्सच्या युनिटमध्ये काम करणारा माणूस! मी बोलले तर म्हणाला, "ताई, फॅशन आहे ती. तुला नाही कळायचं."

आईचं एकच, दृष्ट लागली. रोज मीठ-मोहऱ्या ओवाळते.

२५ जानेवारी

त्याला ओढत छातीच्या नव्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहेत, ऐकून घेतात. एक्स-रे बराच वेळ बघत राहिले. मग आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला – "काम काय करता?"

"जीन्सचं."

"जीन्सचं म्हणजे काय?"

मग जितेशने सांगितलं. कोऱ्या जीन्सवर मांड्यांपाशी, गुडघ्यांपाशी वाळूचा फवारा मारायचा. कंप्रेसरने, जोरात. म्हणजे ती घासलेली, वापरलेली दिसते. काम बंद खोलीत. किती वर्षं? कॉलेज सोडल्यापासून.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सिलिकोसिस. वाळूची धूळ फुप्फुसात रुतून बसली आहे, ती निघत नाही. औषध नाही. "काम आजच्या आज बंद. बंद केलं तर कदाचित सावकाश वाढेल. नाही केलं तर –" पुढचं बोलले नाहीत. मला आवडलं असतं बोलले असते तर. जितेशने ऐकलं असतं.

तो शब्द मला माहीत होता! गेल्या वर्षी शिकवलाय मी. १९३० साल, अमेरिका, डोंगरातून बोगदा. मजूर पटापट मेले आणि डॉक्टर न्यूमोनिया म्हणत राहिले. मी फळ्यावर लिहून दिलं, पोरांनी वहीत उतरवलं. आणि इथे रोज संध्याकाळी माझा सख्खा भाऊ नळावर तोंड धुताना भुवयांपर्यंत पांढरा दिसायचा. मी म्हणायची, लवकर आवर, चहा गार होतोय.

काय जाळायचंय ते माझं शिक्षण!

२६ जानेवारी

सगळ्यांना सुट्टी. जितेश कामावर गेला.

३ फेब्रुवारी

आज उल्हासनगरला त्याच्या युनिटवर थडकले. न सांगता. बाजाराच्या मागची गल्ली, तळमजल्याचा गाळा, पाटी नाही. आत धुळीने समोरचा माणूस दिसेना. तीन पोरं, तोंडाला रुमाल. त्यातला माझा कोणता, ते खोकल्यावरून ओळखलं.

आणि भिंतीत भलामोठा एक्झॉस्ट पंखा. नवाकोरा! पात्यांत गोणपाट कोंबलेलं.

"शेठ लावू देत नाही ना?" मी तिथेच तावातावाने सुरू.

"शेठनेच आणला, ताई. आम्हीच बंद ठेवतो."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या लाजवंतीभाभी आवाज ऐकून खाली आल्या. सिंधी, सत्तरीच्या, पापड लाटून विकतात. गच्चीवर वाळत घालतात. पंखा लावला की जीन्सची निळी धूळ उडून थेट पापडांवर. मला म्हणाल्या, "बेटी, मैं क्या करूँ? पूरा माल नीला हो जाता है. ये खाने की चीज है ना." त्यांचं काय चुकलं? मला तरी सापडेना.

आधी युनिट मागच्या गल्लीत होतं, तेव्हा असंच कुणीतरी महापालिकेत तक्रार केली होती. युनिट सील झालं आणि जितेश अख्खा पावसाळा घरी बसला होता. मला तेव्हा सांगितलं होतं, ऑर्डर नाही म्हणून.

"पंखा लावला की पापड निळे. पापड निळे झाले की फोन. फोन गेला की सील. मग खायचं काय, धूळ?" असं म्हणून तो हसला आणि हसता हसता खोकत खाली बसला.

येताना रिक्षात प्रज्वलचा प्रश्न डोक्यात. उत्तर चुकीचं दिलं मी त्याला. पण बरोबर काय असतं?

९ फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, दुसरं काम बघ. तो म्हणाला, "बघ ना, तूच बघ! तुझ्या क्लासात घेतात का दहावी-बारावीवाले?" आणि मग, हळू आवाजात – "बॅच संपली की तू पण घरी. मग चूल कोण पेटवणार, तुझं पहिलं महायुद्ध?"

आई मध्ये पडली म्हणून थांबलो. मी रडले. राग जास्त होता.

१५ फेब्रुवारी

बदलापूरला एका टॉवरमध्ये वॉचमनची जागा होती. खोकला ऐकून सुपरवायझर म्हणाला, "आधी बरा हो, मग ये."

२२ फेब्रुवारी

केला फोन. मीच केला. महापालिकेत. नाव सांगितलं नाही, एक रहिवासी म्हटलं. पत्ता व्यवस्थित दिला, कुठे वळायचं तेही. आवाज जरासुद्धा कापला नाही.

तो स्वतःहून सोडणार नाही. मग जागाच बंद झालेली बरी. उपाशी राहू, पण तो राहील.

२७ फेब्रुवारी

सील झालं! जितेश दुपारीच घरी आला, चप्पल न काढता भिंतीला टेकून बसला. "म्हातारीनेच केला असणार फोन." मग लाजवंतीभाभींना शिव्या. मी पोळ्या लाटत होते. पुढची पोळी तव्यावर टाकली.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. रात्री शिरा केला. आईने विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, सहज.

१० मार्च

आज तो शिवमंदिरापर्यंत चालत गेला आणि परत आला. वाटेत दोनदाच थांबला. झोपही लागतेय. घरात रात्री इतकं शांत असतं याची सवय गेली होती.

वर्गात पहिलं महायुद्ध संपवलं. श्यामकांत सर खूश, वेळेत संपलं म्हणून.

२१ मार्च

१९२९. मंदी. बंद कारखान्यांसमोर उभी असलेली माणसं. मी बोलत होते आणि डोळ्यांसमोर आमची ओसरी – जितेश मोबाइल उलटा ठेवून बसलेला, रस्त्याकडे बघत.

संध्याकाळी कळलं, शेठचा माणूस येऊन गेला. "नुसता विचारपूस करायला आला होता," आई घाईघाईने म्हणाली. मी जितेशला समोर बसवलं. माझी शपथ घे म्हटलं. त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवला. "आता कुठल्या गाळ्यात पाय ठेवणार नाही. बस?"

बस. मला एवढंच हवं होतं.

२८ मार्च

बॅच संपली. सर म्हणाले, नवी बॅच जूनमध्ये, पोरं आली तर कळवतो. घरी अजून सांगितलं नाही.

पण घरात डाळ-तांदूळ भरलेत. आईला विचारलं तर म्हणाली, "होतंय गं सगळं. तू क्लास झाला की लायब्ररीत बस, प्राध्यापकाची ती परीक्षा दे तुझी."

२ एप्रिल

डोकं दुखत होतं, लायब्ररीतून दुपारीच उठले. घराचं दार आतून लावलेलं. आत कंप्रेसरचा आवाज. मागच्या खोलीच्या खिडकीच्या फटींत आईची जुनी लुगडी कोंबलेली.

बऱ्याच वेळाने आईने दार उघडलं. पापण्यांपर्यंत पांढरी. पदर निळा. हातात जीन्सचा पाय. "मी नुसती ताणून धरते गं. मारतो तोच." आणि खोकली. आई खोकली, जितेश नाही.

समोरच्या गॅलरीत कुणीतरी येऊन वाकून बघत होतं.

"आत ये आधी. कुणी फोन केला म्हणजे?" आई म्हणाली.

मी आत आले. दार लावलं. खालची फट उघडी दिसली, तिथे पायपुसणं सारलं.