बांधावरचा पावटा आणि वीस गुंठे

मी, वर्धमान भूपाल मगदूम, वय २६, शिक्षण बारावी अपुरी, राहणार हातकणंगले, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहितो. उद्या कोल्हापुरात माझं मुतखड्याचं ऑपरेशन आहे. सगळे ‘किरकोळ आहे’ म्हणतात. सगळे एकच वाक्य बोलतात म्हणूनच लिहून ठेवतो.

१. बँकेतली ठेव आणि मोटरसायकल धाकटी बहीण अनुजा हिला. गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे ते तिला एकटीलाच सांगितलं आहे.

२. फवारणीचा पंप आकाराम खोत यांना. ते मागून नेतात आणि धुऊन परत देतात. आमच्या भावकीत कोणी धूत नाही.

३. चुलतभाऊ वृषभ याला काहीही नाही. कारण लिहितो. आमच्या सामाईक बांधावर त्याच्या आईचा, अक्काताई काकूंचा, पावट्याचा वेल आहे. उन्हाळाभर पाणी घालून त्या तो हिरवा ठेवतात. कृषी सहायकांनी सांगितलं होतं की उत्तरेकडच्या थंड जंगलांत पाइनवरचा एक तांबेरा, म्हणजे पानावर विटकरी भुकटी धरणारी बुरशी, अर्धं आयुष्य शेजारच्या झुडपावर काढतो, म्हणून तिथे झुडपं उपटत. आपल्या सोयाबीनचा तांबेराही पावट्यावर तग धरतो. भाद्रपदात त्या वेलाचं पान उलटलं तर बोटाला विटकरी भुकटी लागली. माझं सोयाबीन तोवर स्वच्छ होतं. काकूंना वेल काढायची विनंती केली. त्या म्हणाल्या, “पर्युषण पर्व चाललंय. हिरव्याला विळा लावायचा न्हाय. पर्व सरू दे की.”

वृषभ हसून म्हणाला, “तांबेरा वाऱ्यानं येतोय. जा, वाऱ्याला नोटीस काढ.” त्याच्या रानात ऊस होता, त्याचं काय जाणार?

पर्वात फवारणी मीही करत नाही. थांबलो. पर्युषण सरलं तेव्हा माझी पानं गळत होती. पुढे लगेच वृषभने दुसऱ्याकरवी विचारलं, बांधालगतचे ते सोयाबीनचे वीस गुंठे विकणार का? नियम काकूंचा होता की बेत त्याचा, मला अजून उलगडत नाही.

४. म्हणून ते वीस गुंठे मी अक्काताई काकूंना देतो, त्यांच्या एकटीच्या नावावर. अट एकच, येत्या खरिपात तिथे सोयाबीनच पेरायचं. मग वेलही त्यांचा, पीकही त्यांचं. वेलावर तांबेरा दिसल्यावर त्या पर्वात विळा लावतात की थांबतात, ते अनुजाने बांधावर उभं राहून पाहावं. थांबल्या, तर माझा संशय मागे घेतला असं समजावं आणि माझ्या वतीने त्यांच्या पाया पडावं.

काकूंना आणि आकाराम यांना लाभ असल्याने साक्षीला घेतलेलं नाही. साक्षीदारांनी सह्या केल्या तेव्हा वरचा मजकूर वर्तमानपत्राने झाकला होता.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

सही : वर्धमान भूपाल मगदूम

माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार :
१. सम्राट विजयसिंह घोरपडे (सही)
२. भाग्यश्री अरिहंत चौगुले (सही)