डाव्या बाजूची रांगोळी

मेलकावेरी, कुंभकोणम्
शुक्रवार, २४ फेब्रुवारी १९३३

चिरंजीव चंद्रमौळीस अक्काचे आशीर्वाद.

इथं सगळे ठीक आहेत. मासी महिना लागला तरी सकाळी गारवा असतो. कावेरीला घोट्याएवढं पाणी उरलं आहे. मामांच्या घरी तुला जेवण मानवतं का? तिरुचिनापल्लीचं पाणी जड असतं असं अलमेलू आत्या म्हणतात. त्या तिथं कधी गेलेल्या नाहीत.

तुझं पत्र मिळालं. त्यातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘मी पाहिलं होतं, तिथं कोणी नव्हतं.’

आपली प्रवासी मोटार अपघाताच्या दिवसापासून मागच्या अंगणात उभी आहे. पोलिसांनी पाहून परत दिली, पण तुझ्या भावजींनी ती अजून रस्त्यावर काढलेली नाही. कोंबड्या तिच्याखाली बसतात. मी सकाळी तिच्या बाजूने जाते तेव्हा वाटतं, हिला विचारता आलं असतं तर.

मग वाटलं, विचारता येईल.

आधी तिरुभुवनमला जाऊन आले. घरी सांगितलं, देवळात जाते. देवळातही गेले. नंतर विणकरांच्या गल्लीत, ज्या बाईला मोटार लागली त्या शिवकामीचं घर शोधलं. दारात रेशमाचा ताणा पसरलेला होता, या टोकाच्या खुंट्यापासून त्या टोकाच्या खुंट्यापर्यंत, पाऊल ठेवायला जागा नाही. तिच्या सासूने मला वाकून, धाग्याखालून आत यायला सांगितलं. मी कोण ते दारातच सांगितलं होतं, तरी सांगितलं.

शिवकामी भिंतीला टेकून बसली होती. पाय गोणपाटावर, पट्टी बांधलेला. डाव्या पायाची बोटं राहिली नाहीत. मागाच्या पावड्या आता तिला दाबता येत नाहीत. ती कांड्या भरते. हे तुला अजून कोणी कळवलेलं नसणार. मीही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पाण्याबद्दल लिहिलं.

तिला मी विचारलं, “मोटार सुरू झालेली तुला कळलं नाही?”

“कळलं की. आवाज काय थोडा करते? उभ्या मोटारीपुढे आमचा ताणा होता, धागा तुटला म्हणून वाकून गाठ मारत होते. म्हटलं, मला मोटार दिसते आहे म्हणजे मोटारीलाही मी दिसते आहे. थांबेल.”

“तुला काय काय दिसत होतं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असणार, ही बाई खुळी आहे. मग सांगू लागली. दोन दिवे. पुढचं डावं चाक. काच. काचेत फुलांचा हार.

“आणि चालवणाऱ्याचा चेहरा?”

“चेहऱ्याच्या जागी हार होता,” ती म्हणाली.

चंद्रू, घोड्याच्या जटक्यातून परत येताना मी जटकेवाल्याकडे बघत होते. तो पाठमोरा होता. मी त्याला दिसत नव्हते, त्याचे डोळे मला दिसत नव्हते. इतकी साधी गोष्ट. ज्याचे डोळे आपल्याला दिसत नाहीत त्याला आपण दिसत नाही. मी एवढी वर्षं जटक्यात बसते, हे कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावजी भजनी मठात गेल्यावर मी तुझ्या जागेवर चढून बसले. हसू नकोस. लुगड्याचा काष्टा सावरून चढले. तुझी बैठक खोल गेली आहे, तू तिथं किती बसला असशील ते तिला माहीत आहे. मी तुझ्याएवढी उंच नाही म्हणून खाली पाट घेतला.

अलमेलू आत्यांना तांब्याची कळशी देऊन म्हटलं, मोटारीभोवती फिरा, आणि माझं तोंड दिसेनासं झालं की ओरडा.

“विठोबा सोडून आता मोटारीला प्रदक्षिणा घालू का? पुण्य कुणाच्या नावावर?”

“तुमच्याच.”

“मग सावकाश घालते.”

उजवीकडे त्या दिसत होत्या. समोर आल्या, दिसत होत्या. मोटारीच्या नाकाडाला लागून वाकल्या तर नुसता अंबाडा. डाव्या दिव्याच्या पुढे गेल्या आणि नाहीशा झाल्या. कळशीसकट. भर उन्हात, चंद्रू. चार माणसांना पुरेल असा आवाज असलेली बाई अंगणातून पुसली गेली. मग आवाज आला,

“अगो विशालाक्षी, तुझं तोंड गेलं! इथून बघितलं तर देवच बसलाय मोटार चालवायला!”

काचेच्या डाव्या कोपऱ्यात आपल्या विठ्ठलाची तसबीर आहे. तिच्यावर तुळशीचा आणि शेवंतीचा हार. शुक्रवारी ताजा, जुना काढायचा नाही, त्यावरच घालायचा, ही आपल्या घरची रीत. मोटार घेतली तेव्हा भावजी म्हणाले, देव चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवा. तू काही बोलला नाहीस. हार मीच करते, जाड करते, कारण वाऱ्याने फुलं गळतात. त्याच्यामागे काचेच्या चौकटीचा लाकडी खांब, खांबाला टांगलेली तुझी पिशवी. तिघांनी मिळून एक भिंत झाली आहे.

आत्यांना म्हटलं, जिथं जिथं तोंड दिसत नाही तिथं रांगोळी टाका. त्या मागे सरकत, पुढे येत, वाकून टाकत गेल्या. वाकल्यावर ती जागा वाढायची. मी उतरून बघायला गेले. डाव्या चाकापासून निघून अंगणाच्या पायरीपर्यंत फाकत गेलेला आकार. नांगराच्या फाळासारखा. मी दारापुढे रोज रांगोळी काढते. बसलेली बाई मावेल अशी ही पहिली.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

मी पुन्हा वर चढून बसले. आत्या रांगोळीच्या मध्ये, शिवकामीसारख्या वाकलेल्या. दिसत नव्हत्या. मी हातातल्या, वळवायच्या चाकावर छाती टेकवून हातभर पुढे झुकले, मान डावीकडे काढली. त्या दिसल्या. आधी कळशी, मग हात, मग पूर्ण.

“आता दिसलीस गो,” त्या म्हणाल्या.

हातभर, चंद्रू. हार न काढता.

तू पाहिलंस यावर माझा विश्वास आहे. तुला कोणी दिसलं नाही यावरही आहे. तिथं कोणी नव्हतं, हे मात्र तुला कुठून कळलं? ती जागा तुझ्या डोळ्यांची नव्हतीच. तिथं काय आहे हे न पाहता मागून कंडक्टरची शिटी वाजली म्हणून तू मोटार पुढे सोडलीस, की झुकून पाहिलंस? मला पत्रातून सांगू नकोस. मला ते कागदावर नको आहे.

संध्याकाळी भावजी आले. अंगणात रांगोळी बघून थांबले.

“हे काय?”

“चंद्रूला जे दिसत नव्हतं ते.”

मोटारीपर्यंत जायचं होतं त्यांना, तर रांगोळीवर पाय न देता मोठा वळसा घालून गेले. मला वाटलं, निदान एवढं झालं. जेवताना मात्र म्हणाले, “देवाची इच्छा होती. आणि तसबीर हलवायची नाही.”

मी म्हटलं, “देवाला लायसन नाही.”

आत्यांना ठसका लागला. भावजी पानावरून उठले नाहीत, पण ताकभात तसाच राहिला.

त्यांच्या वकिलांनी तुझ्या नावाने जबाब तयार केला आहे. इंग्रजीत आहे. अर्थ असा की, रस्ता मोकळा होता, बाई चालत्या मोटारीपुढे धावत आली. तू सही करायची आणि येत्या शुक्रवारी मॅजिस्ट्रेटपुढे हो म्हणायचं. मग तुझं लायसन राहतं, मोटार राहते, आणि दोष शिवकामीच्या पायावर जातो. तिच्या पायाला आता तेवढं ओझं पेलणार नाही. मोटार राहिली नाही तर आमचं घर कशावर चालेल हे मला माहीत नाही. भावजींनी कागद टपालात टाकायला माझ्याजवळ दिला. मी तो या पत्राबरोबर पाठवते आहे. तुझ्यापासून लपवण्याचा मला अधिकार नाही.

पण सही करण्याआधी एकदा इथं ये. सकाळच्या गाडीने ये, ऊन असताना. तुझ्या बैठकीवर बस. डाव्या दिव्यापुढे मी वाकून बसेन, धाग्याला गाठ मारत असल्यासारखी. आधी नुसता बस. मग झुकून बघ. त्यानंतर जी सही करायची ती कर, मी एक शब्द बोलणार नाही.

हा शुक्रवार आहे. हार मी केला आहे. देवघरातल्या विठ्ठलाला घातला. मोटारीतली तसबीर अजून तिथंच आहे. ती ज्याच्या डोळ्यांसमोर होती त्याने काढावी असं मला वाटतं.

रांगोळी कोंबड्यांनी विसकटली. आज पहाटे पुन्हा काढली.

तुझ्या डाव्या अंगाला उभी,
अक्का