टेबल टेनिसच्या खोलीतलं दुभाषी पद

प्रति,
माननीय श्री. अण्णासाहेब निंबकर,
अध्यक्ष, कृष्णाकाठ सहकारी आवास समिती,
नोएडा
(राहणार: अर्जदाराच्या बरोबर वरचा मजला)

विषय: मंगळवारच्या मानसशास्त्रज्ञ-बैठकीसाठी मराठी जाणणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची नेमणूक न करण्याबाबत व दुभाषी पद कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) मराठी जाणणारा मानसशास्त्रज्ञ ताबडतोब नेमावा व दुभाषी पद रद्द करावं, असा सध्याच्याच अर्जदाराचा अर्ज.
२) वरील अर्ज मंजूर केल्याचं आपलं पत्र.

महोदय, आणि जिन्यात भेटल्यावर ज्यांना अर्जदार नुसतंच अण्णासाहेब म्हणतो असे महोदय,

१. अर्जदार हा केंद्र सरकारचा निवृत्त सेक्शन ऑफिसर असून या समितीचा संस्थापक सचिव आहे. समितीचे उपविधी अर्जदाराने एकट्याने लिहिले आणि त्यांत आजवर कुणालाही फट सापडलेली नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत अर्जदाराने उभं राहून ठणकावून सांगितलं होतं की, या तीन इमारतींत डोकं शंभर टक्के ठिकाणावर असलेला एक तरी माणूस आहे आणि तो आत्ता तुमच्यासमोर उभा आहे. एवढं बोलून खाली बसताना मागची खुर्ची कुणीतरी पाहुण्यांसाठी नेलेली आहे, हे अर्जदाराच्या लक्षात आलं नाही. इतिवृत्तात आपण 'श्री. आठल्ये खाली बसले' एवढंच नोंदवलंत, त्याबद्दल आभार.

२. पार्श्वभूमी आपणांस माहीतच आहे, तरी फाइल पूर्ण असावी म्हणून मांडतो. सदर सभेत तळमजल्यावरच्या विक्रांतने मानसशास्त्रज्ञाचा ठराव आणला. विक्रांत पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरच्या कंपनीत. त्याची कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या खर्चाने मानसशास्त्रज्ञाकडे पाठवते. त्याचं म्हणणं असं, की काका, गाडी बंद पडायच्या आधी सर्व्हिसिंग करतोच ना आपण, मग डोक्याचं का नाही? प्रत्येकाने एकदा तरी जायलाच पाहिजे आणि खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समधून व्हावा. अर्जदार म्हणाला, ज्याची गाडी बंद पडेल त्याने गॅरेजचं बघावं, माझी गाडी उत्तम चालते, मी वर्गणी देणार नाही. त्यावर आपण निर्णय दिलात, की ज्याला गरज नाही त्याला वर्गणीतून सूट मिळेल. मात्र गरज नसल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा लागेल.

सक्षम अधिकारी कोण, तर मानसशास्त्रज्ञ. त्यामुळे आपल्याला मानसशास्त्रज्ञाकडे जायची गरज नाही हे सिद्ध करायला सगळ्यांत आधी अर्जदारालाच जावं लागलं. निर्णय नियमाला धरून होता. अर्जदार अध्यक्ष असता तर त्यानेही हाच दिला असता.

३. डॉ. विजयालक्ष्मी या दर मंगळवारी संध्याकाळी टेबल टेनिसच्या खोलीत बसू लागल्या. नाव वाचूनच आपल्या कार्यकारिणीने ठरवलं की बाई मद्रासकडच्या आहेत. बाई आल्या, 'नमस्ते' म्हणाल्या, आणि त्यांना मराठीचा गंध नाही याची सगळ्यांचीच खात्री पटली. इथे उपविधी आडवा आला. दिल्लीत वाढणाऱ्या आपल्या पोरांचं मराठी 'अच्छा' आणि 'यार' यांवर येऊन ठेपलेलं पाहून अर्जदाराने उपविधींत स्पष्ट लिहून ठेवलं होतं की समितीचं सर्व कामकाज मराठीतच चालेल. खर्च समितीचा, खोली समितीची, म्हणजे बैठक हे कामकाजच. सबब दुभाषी नेमणं भाग होतं.

मंगळवारी संध्याकाळी रिकामी, हिंदी उत्तम येणारी आणि मानधन न मागणारी व्यक्ती तिन्ही इमारतींत एकच निघाली: सौ. अलकनंदा आठल्ये. त्या सांस्कृतिक प्रमुख आहेत, सूचनाफलकाच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि नोएडात राहायला येण्याआधी त्या दिल्लीतल्या मुनिरक्याजवळच्या शाळेत हिंदी शिकवत होत्या. त्या अर्जदाराच्या पत्नी आहेत, हे नेमणुकीच्या वेळी कुणाला अडचणीचं वाटलं नाही. अर्जदाराने तर ठरावाला अनुमोदनच दिलं होतं.

४. पहिल्या बैठकीचा वृत्तान्त असा. टेबलाच्या एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला अर्जदार आणि जाळीजवळ, पंचासारख्या, अलकनंदाबाई. अर्जदाराने आपली मनःस्थिती कशी उत्तम आहे ते सांगायला सुरुवात केली. ओघात घरचं वांगं आलं. मग वांग्यात न पडणारा गूळ आला, बाई टीव्हीसमोरून उठत नाहीत तो मुद्दा आला, चष्मा कधीही जागेवर सापडत नाही तो आला. अर्जदार बराच वेळ मुद्देसूद बोलला. अलकनंदाबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांकडे वळून सांगितलं, "ये कहते हैं, घर में सब बहुत अच्छा है."

डॉक्टर म्हणाल्या, "अच्छा."

अलकनंदाबाई अर्जदाराकडे वळल्या. "डॉक्टर म्हणतायत, रोज संध्याकाळी बायकोबरोबर मार्केटपर्यंत पायी जा. आणि पिशवी तुम्ही धरा."

अर्जदाराची उभी नोकरी दिल्लीत गेली. हिंदी त्याला उत्तम समजतं, हे अलकनंदाबाईंना ठाऊक आहे आणि त्यांना ते ठाऊक आहे हे अर्जदारालाही. परंतु उपविधीनुसार भाषांतर येईपर्यंत अर्जदाराला अधिकृतरीत्या काहीही समजलेलं नव्हतं. आणि स्वतःच लिहिलेला नियम स्वतःच मोडायचा, तर मग पोरांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

५. पुढच्या बैठकीत "ये कहते हैं, साली साहिबा कुछ दिन रहने आ जाएँ तो इन्हें बहुत ख़ुशी होगी" असं अर्जदाराचं म्हणणं नोंदलं गेलं. अर्जदार त्या वेळी लिफ्टच्या आवाजाबद्दल बोलत होता. मेहुणीबाई शालिनी पानिपतला असतात, त्यांच्या यजमानांचा हातमागाचा धंदा आहे. मराठी माणसाने पानिपतच्या वाटेवर जरा जपूनच राहावं असं अर्जदाराचं जुनं मत आहे, पण इथे पानिपतच टेम्पो करून दारात आलं. शालिनीबाई आल्या आणि बरोबर इतक्या रजया आल्या की अर्जदाराचा पलंग कुठे होता ते अंदाजाने सांगावं लागतं.

त्यापुढच्या बैठकीत अर्जदाराने अलकनंदाबाईंना पुन्हा शिकवायला जाण्यास आनंदाने संमती दिली आणि सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला, हे अर्जदाराला त्याच वेळी, तिथेच कळलं. नव्या सेक्टरात नवी शाळा निघाली आहे, त्या आता सकाळी तिथे जातात. अर्जदाराने केलेल्या पोळ्यांपैकी एक विक्रांतने लिफ्टचं दार अडवून धरायला नेली ती अजून परत केलेली नाही. ती चांगलं काम देते, असं त्याचं म्हणणं आहे. विक्रांतनेही फार बोलू नये. तो ऑफिसचं टेन्शन सांगायला गेला होता आणि बाहेर आला तेव्हा त्याला गणपतीची वर्गणी गोळा करण्याची तीव्र इच्छा असल्याचं डॉक्टरांना समजलेलं होतं.

या सगळ्याने चिडून अर्जदाराने संदर्भ क्रमांक १ चा अर्ज केला. समितीने अर्जदाराच्या एखाद्या अर्जावर तातडीने कार्यवाही करण्याची ही पहिलीच वेळ. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, नुकतंच शिक्षण संपवलेल्या पुण्याच्या रेवती या मानसशास्त्रज्ञ आपण शोधूनही काढल्या. पुढच्या महिन्यापासून त्या येणार, थेट मराठीत बोलणार आणि दुभाषी पद रद्द होणार, असं आपलं पत्र आलं.

६. मात्र अर्ज दिल्यानंतर आणि आपलं पत्र येण्याआधी आणखी एक मंगळवार गेला. तो फाइलवर यायला हवा.

त्या दिवशी अर्जदाराकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. वांगं, चष्मा, लिफ्ट, सगळं बोलून झालं होतं. टेबलावर एक चेंडू होता, तो अर्जदाराने इकडून तिकडे केला. मग अर्जदाराने एक शब्दही उच्चारलेला नसताना अलकनंदाबाई डॉक्टरांना सांगू लागल्या. "ये कहते हैं, रिटायर होने के बाद फ़ोन बजता है तो ये सबसे पहले उठाते हैं, और फ़ोन किसी और का होता है. ये कहते हैं, सुबह तैयार होकर बैठ जाते हैं, फिर याद आता है कि कहीं जाना नहीं है. किसी से कहते नहीं. मुझसे भी नहीं."

सदर विधान अर्जदाराने केलेलं नव्हतं. परंतु ते बरोबर होतं.

अर्जदार चेंडूकडे बघत राहिला. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि "अच्छा" म्हणाल्या. या वेळी अलकनंदाबाईंनी त्याचं भाषांतर केलं नाही. त्या संध्याकाळी मार्केटहून येताना त्यांनी पिशवी स्वतः धरली.

त्यानंतर अर्जदाराच्या असं लक्षात आलं, की त्या खोलीतला पाऊण तास अलकनंदाबाई उठत नाहीत. घरी कुकर असतो, दारावरची बेल असते, आता तर शालिनीही आहे. अर्जदाराचं वाक्य कर्त्यापासून क्रियापदापर्यंत सलग पोचणं घरात शक्यच नाही. जाळीजवळच्या खुर्चीत मात्र त्यांना ते पूर्ण ऐकावंच लागतं, कारण पुढे ते बदलायचं असतं. मंगळवारी अर्जदार दुपारीच इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. कुठेतरी जायचं असतं म्हणून.

आता उद्या रेवतीबाई आल्या तर अर्जदार बोलेल, त्यांना समजेल आणि संपलं. अर्जदाराला समजून घेणारा माणूस नको आहे. मध्ये बसून अर्जदाराला बदलून सांगणारी व्यक्ती हवी आहे, आणि ती मंजूर पदावर हजर आहे.

७. राहिला प्रश्न पैसे कुणी द्यायचे याचा. सर्वांनी मानसशास्त्रज्ञाकडे जावं का, यावर अर्जदाराचं मत बदललं असून त्याने फायदाच होतो, फक्त तो कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, असं आता त्याचं म्हणणं आहे. अर्जदाराला दाखला मिळाला नाही, पण शालिनीबाईंना नोएडाची हवा मानवली. तेव्हा जाणाऱ्याने पैसे द्यावेत हे अर्जदाराचं पूर्वीचं तत्त्व टिकत नाही, आणि सगळ्यांनी सारखे द्यावेत हे विक्रांतचंही नाही. त्या खोलीत ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त बोललं जातं त्याने खर्च उचलावा, हे न्यायाला धरून होईल. आत काय बोललं गेलं ते अलकनंदाबाई घरी सांगत नाहीत, चहा पाजूनही सांगत नाहीत. परंतु पाण्याच्या वेळा, पार्किंगच्या रेघा आणि जनरेटरची जागा हे तिन्ही निर्णय कुणी घेतले, याचा विचार करता ती व्यक्ती अर्जदाराच्या बरोबर वर राहत असावी. यात वैयक्तिक काही नाही. अण्णासाहेबांनी स्वतः एकदा खाली यावं. अलकनंदाबाई आपलं म्हणणं फार चांगलं मांडतील. आपण ते मांडलं नाहीत तरी मांडतील.

८. सबब नम्र विनंती की,
(क) संदर्भ क्रमांक १ चा अर्ज अर्जदाराने केलाच नाही असं समजावं;
(ख) मराठी न येणाऱ्या डॉ. विजयालक्ष्मी यांनाच, मराठी न येण्याच्या कारणास्तव, मुदतवाढ द्यावी;
(ग) रेवतीबाईंना पोरांच्या मराठीच्या वर्गासाठी नेमावं, तिथे गरज जास्त आहे;
(घ) अर्जदाराचा वर्गणीतून सूट मिळण्याचा दावा रद्द समजावा. वर्गणी तो भरेल.

ज्यास मार्केटला जायची वेळ झाली आहे असा, आपल्या खालच्या मजल्यावरचा नम्र,

(सही)
सुधाकर गोविंद आठल्ये
संस्थापक सचिव
दिनांक: १७ नोव्हेंबर १९९८, मंगळवार

सोबत: १) संदर्भातील अर्ज व पत्र यांच्या प्रती.
२) पानिपतची रजई, नग एक, अध्यक्षांच्या वापरासाठी. परत पाठवू नये.

ता. क. हा अर्ज घेऊन खाली आलो असता फाटकाशी डॉ. विजयालक्ष्मी भेटल्या. पुढच्या महिन्यापासून आपण का नको आहोत, असं त्यांनी अर्जदाराला विचारलं. हे त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं. त्या सोलापूरच्या आहेत आणि त्यांची शाळा सगळी मराठीत झाली आहे. आधी का नाही सांगितलंत, यावर त्या म्हणाल्या, "कुणी विचारलंच नाही. आणि मी दोन्ही ऐकत होते. मला बाईंचं जास्त बरोबर वाटलं, म्हणून तेच लिहून घेतलं." सबब परिच्छेद ३ मधील 'मराठीचा गंध' हे शब्द आणि विनंती (ख) मधील कारण वगळून वाचावं. विनंती कायम आहे. ही बाब अलकनंदाबाईंना कळवू नये.

समितीच्या खर्चाचा कोणताही अर्ज विचारात घेण्याआधी सूचनाफलकावर लागला पाहिजे, असा अर्जदाराचाच नियम आहे. त्यानुसार एक प्रत चौकीदाराकडे देऊन ठेवली होती आणि त्याने ती किल्ली असणाऱ्यांकडे दिली. ती लागली आहे. हे चौकीदाराच्या स्टुलावर बसून लिहीत असताना अलकनंदाबाई चष्मा लावून फलकासमोर उभ्या आहेत. चष्मा अर्जदाराचा आहे. त्या पाचव्या परिच्छेदापर्यंत पोचल्या आहेत.